चौबाऱ्याजवळच्या दुकानातला हँडल पाइप

उदगीरला चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या बाजूला निघालं की मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं एक अरुंद दुकान लागतं. एक शटर, आत छतापर्यंत लाकडी खण, दारात क्लच वायरींचे गुच्छ लटकवलेले. पाटी उन्हानं पुसट झालीय. गिऱ्हाईक त्याला चाचांचं दुकान म्हणूनच ओळखतं. फेब्रुवारीत मी तिथून हँडल पाइप, म्हणजे दोन टोकांना मुठी असतात तो आडवा पाइप, घेतला आणि त्यांच्याच ओट्यावर बसून स्वतःच्या हातानं बसवला. त्याला आता सात महिने झाले, मधे एक अख्खा पावसाळा गेला. एवढी गाडी चालवून झाल्यावर लिहितोय.

आधी माझं काम सांगतो, कारण पाइप कोणता घ्यायचा हे त्या कामावरच ठरलं. मी पशुधन पर्यवेक्षक आहे, देवणी तालुक्यात. गावात लोक डॉक्टर म्हणतात, पण मी पदवीचा डॉक्टर नाही. दवाखान्याखाली आठ गावं येतात. रोजची चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी होते, त्यातली निम्मी कच्च्या रस्त्यानं नाहीतर पांदीनं. देवणी गाय जिथली, तोच हा भाग. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली ही जनावरं इथल्या शेतकऱ्याला लेकरासारखी असतात. माज ओळखून वेळेत रेतन झालं नाही तर एकवीस दिवस वाया जातात, म्हणून फोन आला की निघावं लागतं. मागच्या कॅरिअरवर तीन लिटरचं द्रवरूप नायट्रोजनचं कंटेनर बांधलेलं असतं. त्यात उणे १९६ अंशात वीर्यकांड्या ठेवलेल्या असतात. कंटेनर उभंच राहिलं पाहिजे, कलंडलं की नायट्रोजन सांडून जातो. २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हा याच गाडीवर बर्फाच्या डब्यात गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, तेव्हा लंपीवर दिली जाणारी लस घालून मी गोठ्यागोठ्यावर फिरलो. गाडी होंडा शाईन, २०१७ ची, पुढे डिस्क ब्रेक असलेली.

मागच्या ऑक्टोबरात वलांडीकडून येताना पडलो. सोयाबीनच्या राशी चालू होत्या आणि डांबरी रस्त्यावर अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलेलं होतं. आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असलेला प्रकार आहे. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मी कडेला घेतली आणि चाक दाण्यांवर गेलं. सोयाबीनचा दाणा म्हणजे रस्त्यावर टाकलेले छर्रेच. गाडी डाव्या बाजूला आडवी झाली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, रिकामं कंटेनर घरी होतं हे नशीब. पण हँडलची डावी बाजू मागं आणि खाली वाकली.

तेव्हा रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी ते सरळ करून घेतलं. त्यानं हँडलवर मोठा पाइप चढवून, दोघांनी जोर लावून ओढलं. शंभर रुपये घेतले. बघायला सरळ झालं होतं. मात्र पंधरा दिवसांनी डावा खांदा दुखायला लागला आणि महिन्यानं मनगट. मला वाटलं थंडीमुळं असेल. एका शेतकऱ्यानं मागून येता येता हटकलं, "डॉक्टर, तुमी एका अंगावर कलून गाडी चालवायलाव की." मग घरासमोर गाडी मेन स्टँडवर लावून, समोर उभं राहून पाहिलं. डावी मूठ उजवीपेक्षा बोटभर खाली होती.

मग डिसेंबरात चूक केली ती माझी. मोबाइलवर बघून एक रुंद, उंच, काळा पाइप मागवला. दिसायला दणकट होता, मधे जाड आणि टोकांना बारीक. घरी आल्यावर कळलं की तो माझ्या गाडीच्या क्लॅम्पात, म्हणजे हँडल मधोमध धरून ठेवणाऱ्या पकडीत, जातच नाही. विकणाऱ्याच्या पानावर 'सर्व गाड्यांसाठी' असं लिहिलेलं होतं. परत घ्यायची मुदत मी कामाच्या गडबडीत घालवली. तो पाइप अजून घरात पडून आहे.

तोच पाइप हातात घेऊन मी चाचांकडे गेलो. हा बसेल असा क्लॅम्प द्या, एवढंच माझं मागणं होतं. दुसऱ्या कुणी पाचशे रुपये घेऊन क्लॅम्प दिला असता. चाचांनी आधी पाइप हातात घेऊन मधला भाग पाहिला आणि म्हणाले, "ये नौ सूत का है. तुमारे गाडी कू सात सूत लगता." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात सूत म्हणजे २२ मिलिमीटर, आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांना असतो तो. नऊ सूत म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या वर, तो मोठ्या गाड्यांचा. हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. मी म्हटलं, मग सात सुताचा असाच रुंद आणि उंच द्या. चाचा म्हणाले, "डॉक्टरसाब, नक्को लेओ. पैले पुराना पाइप दिखाओ."

त्यांनी गाडी ओट्याला लावायला सांगितली आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दाखवलं. मूळ हँडलवरच क्लचची वायर उजव्या टोकाला ताणलेली दिसत होती, डिस्कच्या होजला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीला, थोडीच ढील होती. पाइप चार बोटं उंच आणि तेवढाच रुंद घेतला की रेसची वायर, क्लचची वायर, डिस्कचा होज आणि स्विचच्या वायरी, सगळंच अपुरं पडतं. मग वायरी लांब घ्या, होज लांब घ्या, डिस्कमधली हवा काढा. म्हणजे सहाशेच्या पाइपापायी अडीच-तीन हजारांचं काम. वर त्यांनी विचारलं, गोठ्यात गाडी नेता का? नेतो की. पांदीनं, दोन तुराट्यांच्या गंजींच्या मधून नेतो. मग रुंद हँडल कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला ते फक्त दिसायला आवडलं होतं.

कायद्याची बाबही त्यांनी एका वाक्यात उरकली, कंपनीचं माप सोडलं की पुढं कटकट तुमचीच. मी नंतर वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. वाकलेल्या पाइपाच्या जागी त्याच मापाचा, त्याच घडणीचा पाइप घालणं ही दुरुस्ती झाली.

पण चाचांवर माझा विश्वास बसला तो पुढच्या गोष्टीनं. जुना पाइप तर सरळच केलाय, तो चालवला तर नाही का चालणार, असं मी विचारलं. त्यांनी क्लॅम्पाच्या डाव्या कडेला, जिथं पाइप दाबून सरळ केला होता, तिथं बोट ठेवलं. क्रोमचा पापुद्रा सुटलेला होता. चिंधीनं थोडं डिझेल लावलं, कोरड्या चिंधीनं खसाखसा पुसलं, आणि वर पोराच्या खडूची भुकटी चोळली. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला ब्रेक शू देत बसले. दहा मिनिटांनी बोलावलं. पांढऱ्या भुकटीवर ओलसर, करवतीच्या पात्यासारखी एक बारीक रेघ उमटली होती, पाइपाच्या पाव घेराएवढी. चिरेत शिरलेलं डिझेल भुकटीनं ओढून घेतलं होतं.

चार महिने मी त्या हँडलावर कंटेनर घेऊन फिरत होतो. रात्री-अपरात्री आडलेल्या गाईला गेलो होतो. एकदा बायकोला आणि मुलीला घेऊन उदगीरला आलो होतो. खड्ड्यात चाक आपटताना अंगाचा सगळा भार हातांवर येतो, आणि तो पाइप तेव्हा मधूनच सुटला असता. लोखंड एकदा वाकलं की त्या जागी ते कडक होतं, उलटं वाकवलं की तिथंच चिरतं. आमच्या खात्यात सुई वाकली तर सरळ करून वापरत नाहीत, टाकून देतात. हे मला माहीत असून हँडलाच्या बाबतीत सुचलं नव्हतं. कुणाच्या गाडीचं वाकलेलं हँडल असं वर पाइप चढवून सरळ केलेलं असेल तर कृपा करून ते बदलून घ्या. माझं सगळं लिहिणं एवढ्यासाठीच आहे असं समजलात तरी चालेल.

दुकानात दोन तऱ्हेचे पाइप होते. एक साध्या प्लास्टिकात गुंडाळलेला, ३५० रुपयांचा. दुसरा कंपनीच्या मापाचा, ७६० चा, तो त्या दिवशी संपला होता. मी पहिला द्या म्हणालो तर चाचांनी तो तराजूत टाकला. नटबोल्ट वजनावर विकायला तराजू असतोच. दुसऱ्या पारड्यात माझा जुना, चिरलेला पाइप. नव्याचं पारडं वर गेलं. माप तेच, पण पत्रा पातळ. चार दिवस थांबा, लातूरहून मागवतो, आणि तोवर गाडी चालवू नका, असं बजावलं. ते चार दिवस मी सहकाऱ्याच्या स्कूटीवर काढले. पाचव्या दिवशी फोन आला. आगाऊ पैसे घेतले नव्हते.

नवा पाइप आला तेव्हा त्यांनी तो काउंटरवर जुन्याशेजारी ठेवला. जुन्याची उजवी बाजू शाबूत होती, तिच्याशी उंची, मागचा बाक आणि मधापासून टोकापर्यंतची लांबी ताडून पाहिली. मग नवा पाइप फरशीवर ठेवून हलवून पाहिला, डुलतो का ते. शेवटी स्विचच्या डब्याच्या खुंटीसाठी असलेली दोन बारीक भोकं तपासली. स्विचच्या डब्याला आतून लहानशी खुंटी असते, ती पाइपाच्या भोकात बसली नाही तर अख्खा डबा पाइपाभोवती गोल फिरतो. स्वस्त पाइपांना ही भोकं कधी नसतात, कधी भलत्याच जागी असतात. लोक मग खुंटीच कापून टाकतात. तसं करू नका असं ते म्हणाले. एक्सिलेटर पिळताना डबाच फिरला तर वेळेला रेस कमी कशी करणार?

आता बसवायचं. शेजारचा मिस्त्री रविवारी नव्हता. चाचा फक्त माल विकतात, गाडीला हात लावत नाहीत. पण ते म्हणाले, पाने माझे घ्या, तुम्ही करा, मी बघतो. मी आयुष्यात प्लग साफ करण्यापलीकडे गाडीचं काम केलेलं नव्हतं. रात्री आडरस्त्यावर गाडी अडली की माणूस मिळत नाही, म्हणून शिकायची इच्छा होती. तासाभराचं काम असं ते म्हणाले होते, मला साडेतीन तास लागले.

१०, १२ आणि १४ नंबरचे पाने, एक चौफुली पेचकस, एक ब्लेड, सुतळी, जाड गोधडी. एवढं सामान. चाचांनी पहिलं काम मोबाइल काढायला लावलं. कोणती वायर कुठून जाते, फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, पुढून की मागून, डावीकडून, उजवीकडून, सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. मी सहा फोटो काढले. पुढं कळलं की सातवा हवा होता.

टाकीवर गोधडी टाकली. एकतर पाना पडला तर टाकीला पोचा येतो, आणि दुसरं म्हणजे डिस्क ऑइल. ते रंगावर सांडलं की रंग खाऊन टाकतं. आरसे काढले. डावी ग्रिप जुनीच होती आणि नवी घ्यायची होतीच, म्हणून ब्लेडनं लांबीला कापून सोलली. जी ग्रिप परत वापरायची असेल तिच्याखाली बारीक पेचकस सरकवून साबणाचं पाणी सोडतात, मग ती पिळून निघते, असं त्यांनी सांगितलं. तेल किंवा ग्रीस मात्र अजिबात नाही. ग्रिप निघते खरी, पण पुन्हा बसवल्यावर ती हातात फिरत राहते.

मग डाव्या स्विचचे दोन स्क्रू, क्लचची वायर ढिली करून लिव्हरमधून काढली, ब्रॅकेट सैल केला. उजवीकडं एक्सिलेटरचा डबा उघडला, वायरीच्या टोकाची शिशाची गोळी खाचेतून सोडवली. डिस्कच्या पंपाचे, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरपाशी ऑइलची बाटली असते त्या भागाचे, दोन बोल्ट काढले. इथं चाचा काउंटर सोडून बाहेर आले. पंप हातात धरून उभाच राहील अशा बेतानं सुतळीनं बांधून घेतला. पंप आडवा-उलटा झाला की बाटलीतली हवा लाइनमध्ये शिरते आणि ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा होतो. लिव्हर दाबायचा नाही, होजला लटकत ठेवायचा नाही. माझ्या नायट्रोजनच्या कंटेनरचा नियमही तोच, उभं ते उभंच. त्यामुळं हे मला पटकन समजलं.

क्लॅम्पचे चार बोल्ट शेवटी. ते निघाले आणि जुना पाइप हातात आला तेव्हा जरा भीतीच वाटली. गाडीचं तोंड असं उघडं, वायरी लोंबकळलेल्या. परत सगळं जागेवर येईल का असं वाटत होतं. चाचांनी चहा मागवला.

नवा पाइप क्लॅम्पात ठेवून बोल्ट हातानंच फिरवले, पाइप जरा जोर लावून फिरेल एवढे. मग मला सीटवर बसायला लावलं. डोळे मिटा, हात नेहमीसारखे पुढं टाका. मूठ तिथं आली पाहिजे. मनगट वर मुडपायला नको, खाली मुडपायला नको. मी दोन वेळा पाइप मागं-पुढं केला. मग पाइपावरचा कोरलेला ठिपका पाहिला, तो खालच्या क्लॅम्पाच्या फटीशी जवळजवळ जुळतच होता. कंपनीनं ठिपका ठेवलाय तो काही विचार करूनच, असं चाचा म्हणाले, आणि मी तो नेमका जुळवून घेतला.

बोल्ट आवळायची एक रीत आहे. क्लॅम्पाच्या टोपीवर ठिपका होता तो पुढच्या बाजूला आला पाहिजे. आधी पुढचे दोन बोल्ट, पुढची फट पूर्ण मिटेपर्यंत, मग मागचे दोन. फट राहिली तर ती मागंच राहते. मी चारीही थोडेथोडे आवळत होतो, सायकलच्या चाकासारखे. त्यांनी थांबवलं, सगळे सैल करून परत करायला लावले. एवढ्या, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर ताण पुरतो. जास्त आवळला तर खालच्या ॲल्युमिनियमच्या आट्या जातात, आणि मग ती खर्चिक भानगड. दुकानात टॉर्क पाना नाही. ही मला उणीव वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी लहान दांड्याचा पाना दिला, म्हणजे जोर आपोआप बेतात राहतो. पुढं लातूरला सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा टॉर्क पान्यानं तपासून घेतलं. तीन बोल्ट बरोबर होते, मागचा एक जरा कमी आवळलेला निघाला.

माझी एक चूक सांगतो, नवख्या माणसाकडून हीच होत असणार. बोल्ट आवळून झाले, आनंद झाला, आणि मी डावी नवी ग्रिप चिकट लावून ठोकून बसवली. पाहतो तर क्लचच्या लिव्हरचा ब्रॅकेट हातातच. तो एका अंगानं चिरलेलं कडं असतो, पाइपाच्या टोकाकडूनच सरकवून घालावा लागतो. चिकट वाळायच्या आत ग्रिप ओढून काढायला वीस मिनिटं गेली आणि तिची कडा फाटली. चाचांनी दुसरी ग्रिप दिली. तिचे १४० मी दिले, ते घेत नव्हते.

उजवीकडं एक्सिलेटरची नळी घालण्याआधी पाइपाचं टोक पुसून कोरडं केलं, आत किंचित ग्रीस. वायर खाचेत, डबा बंद, खुंटी भोकात बसल्याचं बोटाला कळतं. डिस्कचा पंप जागेवर, बाटली सपाट दिसेल अशी. लिव्हर असे ठेवले की बोटं पुढं टाकल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील.

मला वाटलं झालं. चाचा म्हणाले, गाडी चालू करा, मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. मंद रेसवर ठेवून हँडल उजवीकडं पूर्ण वळवा. वळवलं, काही नाही. आता डावीकडं पूर्ण. डाव्या टोकाला हँडल गेलं आणि इंजिन आपोआप वर चढलं, भर्र करून. सरळ केलं की खाली. परत डावीकडं, परत भर्र. मी एक्सिलेटरला हात लावलेला नव्हता.

एक्सिलेटरची वायर मी फोर्कच्या चुकीच्या बाजूनं परत नेली होती. सरळ हँडलला काहीच कळत नव्हतं, पूर्ण डावीकडं वळलं की वायर ताणून स्वतःच रेस ओढत होती. आमच्या वलांडीच्या वळणावर, किंवा गोठ्यातून गाडी वळवून काढताना, समोर गाय आणि तिचं वासरू उभं असताना गाडी स्वतःहून पुढं उसळली असती. माझे हात गार पडले. मोबाइलमधले फोटो उघडले. सहाच्या सहा फोटोंत ती एकच जागा दिसत नव्हती, हेडलाइटच्या मागची. चाचांनी बाजूला उभी असलेली कुणाची तरी शाईन दाखवली. तिच्यात बघून वायर काढली, बरोबर वाटेनं नेली. मग डावीकडं, उजवीकडं, पाच-पाच वेळा. इंजिन एका सुरात चालत राहिलं. एक्सिलेटर पिळून सोडला की टक् करून मिटतो का, तेही हँडलच्या तिन्ही अवस्थांत पाहिलं.

बाकीचं भराभर झालं. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवली. पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, हॉर्न, डिपर, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर. हँडल पूर्ण वळवल्यावर टाकी आणि मूठ यांच्यात बोटं चेमटत नाहीत ना. मग दुकानापासून किल्ल्यापर्यंत हळू एक फेरी, परत येऊन बोल्ट पुन्हा तपासले. दोन दिवसांनी परत या असं सांगितलं. मी गेलो तेव्हा त्यांनी आधी गाडीचं हँडल डावीकडं वळवून पाहिलं आणि मगच माझ्याशी बोलले.

सात महिन्यांचा हिशोब असा. खांद्याचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात गेलं. पाइप सरळ आहे, कुठं रेघ नाही, दर महिन्याला मी डिझेल आणि खडू करून पाहतो. पावसाळ्यात डाव्या स्विचच्या भोकाशी गंजाचा ठिपका आला, तो घासून ग्रीस लावलं. भोकाच्या कडेला क्रोम पोचत नाही, तिथून पाणी आत शिरतं, म्हणून बसवतानाच ग्रीसचं बोट फिरवावं. क्रोम वरून चांगलं आहे, खालच्या बाजूला एक फिकट पट्टा पहिल्यापासून होता. ग्रिप जरा टणक आहेत, लांबच्या प्रवासात तळहात लाल होतो. १४० रुपयांत याहून मऊ मिळत असतील तर मला हव्या आहेत.

दुकानाबद्दल सांगायचं तर, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितलं की लगेच देतात. गाडी लावायला जागा नाही, सकाळी दहाच्या आत जावं. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. पैसे मोबाइलवरून चालतात. मोठ्या गाड्यांचे भाग तिथं मिळणार नाहीत, रोजच्या वापराच्या गाड्यांचं बहुतेक सगळं मिळतं. जुना भाग सोबत न्या. नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर ते दोन प्रश्न जास्त विचारतील, जुना भाग नेला तर चुकीची वस्तू हातात पडायची नाही.

आणखी एक. हँडल सुटं होतं तेव्हा फोर्क हातानं हलवून पाहिला, तर बरोबर मधे तो खटकन अडकत होता, चाकाला खाच असल्यासारखा. चाचा म्हणाले कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग, गेलाय, बॉलच्या वाट्या झिजल्यात. मी तोही स्वतः करतो म्हणालो. ते म्हणाले, हा नको, याला पुढचं चाक आणि अख्खा फोर्क उतरवावा लागतो, मिस्त्री असताना या, त्याच्या शेजारी बसून बघा. पावसाळा संपायची वाट बघत होतो. कोनसेट परवा लातूरहून आला असं कळवलंय, राशी सुरू व्हायच्या आत एखाद्या रविवारी जाणार आहे.